बसलेल्या माणसाची पँट

पारशिवनीच्या पलीकडे एका उपकेंद्रावर माझी बदली झाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि मोटरसायकलवर मी तोवर फक्त मागे बसले होते. मी सरकारी नर्स आहे. गावोगाव फिरून लहान पोरांना लसी द्यायच्या, गरोदर बायांची तपासणी करायची, संध्याकाळी रजिस्टरं भरायची, हे माझं काम. घर आमचं नागपुरात, इंदोऱ्याजवळ. एसटीनं पारशिवनीपर्यंत जाता यायचं, पण तिथून पुढच्या गावांना सकाळचं काहीच साधन नव्हतं. परतीची गाडी तर मी रजिस्टर लिहीत असतानाच निघून जायची. महिनाभर स्कूटीनं गेले. तिची बारकी चाकं गावरस्त्यांवर अशी नाचायची की मागं बांधलेला लसींचा डबा माझ्या पाठीत ठोसे द्यायचा.

नवरा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. त्याची मोटरसायकल एरवी अंगणात चादर पांघरून उभी असायची. एका रविवारी मी त्याला म्हटलं, ‘‘मले शिकव.’’ तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं किल्ली आणली. लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, मोकळ्या मैदानात दोन रविवार त्यानं मला फेऱ्या मारायला लावल्या. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली आमचे मामाजी छत्री घेऊन उभे असायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते गाडी चालवायचे नाहीत, त्यांना ती येतही नव्हती. पण मी वळण घेतलं की लांबून ओरडायचे, ‘‘पाय वर घे वं! जमिनीले काय टेका देऊन राहिली?’’

मामाजी तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. सारी उमर त्यांनी गांधीबागेच्या कापडबाजारात एका कारखान्यात काढली, गणवेश शिवायच्या. ते तिथले कटर होते. रेल्वेवाल्यांच्या, चौकीदारांच्या, शाळेच्या पोरांच्या पँटी त्यांच्या कात्रीखालून जायच्या. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर किती ते टेप न लावता सांगायचे. हाताला कंप सुटला तशी त्यांनी नोकरी सोडली, पुढं घरची मशीनही बंद केली. तिच्यावर त्यांनीच शिवलेलं जाड खाकी कव्हर होतं, आणि कव्हरवर आम्ही वर्तमानपत्रं ठेवायचो.

पहिला उन्हाळा मी सुती सलवारवर काढायचं ठरवलं होतं. डोक्याला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, हातात बाह्या, अंगात पांढरा ॲप्रन आणि खाली पातळ सलवार. पातळ म्हणजे थंड असा माझा हिशोब. कन्हानचा पूल ओलांडला की वारा भट्टीतून आल्यासारखा पायांना लागायचा. इंजिनाची धग वेगळीच. डाव्या पोटरीवर एक लालसर पट्टा पडला होता, तो पावसाळ्यातच गेला.

एप्रिलच्या शेवटी मी पडले. लसीकरणाचा दिवस होता. एका गावाच्या अलीकडे लोकांनी गहू काढून रस्त्यावरच पसरला होता. गहू उचलून नेला, पण कुटार, म्हणजे त्याचा भुसा, तसाच राहिला होता. पिवळंधमक, दिसायला मऊ. मी वेग कमी केला, नेमका तिथंच ब्रेक दाबला. पुढचं चाक असं सरकलं की कुणी खालून रस्ता ओढून घेतल्यासारखं वाटलं. मी डाव्या अंगावर आदळले आणि दोन-तीन हात घासत गेले. एवढंच. बघता बघता सगळं शांत झालं, फक्त आडव्या गाडीचं मागचं चाक फिरत होतं.

उठून मी आधी डबा पाहिला. डबा शाबूत, आतला बर्फही शाबूत. मग खाली पाहिलं. सलवारीचा डावा पाय गुडघ्यापासून मांडीपर्यंत उरलाच नव्हता, आणि त्याखालची कातडीही बरीचशी नव्हती. जवळच्या घरातून एक म्हातारी बाई पाण्याचा लोटा घेऊन धावत आली. ‘‘अवं माय, मॅडम व्हय का?’’ म्हणत तिनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या, त्या दिवशी तिनं माझी धुतली. माझ्याच पिशवीतली पट्टी मी बांधली, म्हातारीनं तिचं एक जुनं लुगडं कमरेला गुंडाळायला दिलं, आणि अंगणवाडीत जाऊन मी लसी दिल्या. पोरं रडत होती, मलाही रडू येत होतं, पण त्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आले तेव्हा मामाजी ओसरीवर कूलरला पाणी भरत होते. माझ्या कमरेचं ते लुगडं पाहून त्यांनी पाइप खाली टाकला. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, डॉक्टरकडे जायचं का विचारलं. मी नको म्हटलं. मग म्हणाले, ‘‘थे सलवार कोठी आहे?’’

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी चष्मा चढवला आणि ती उजेडात धरली. फाटलेल्या कडा बोटांनी चाचपल्या. कितीतरी वेळ.

‘‘हे फाटलं नाई, बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘हे झिजलं. एका झटक्यात दहा वर्षांचं झिजलं. रस्ता म्हणजे कानसच झाली.’’

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याचा फोन आला. तो घाबरला होता, म्हणून चिडला होता. ‘‘गाडी बंद. बसनं जा, नाईतर बदलीचा अर्ज दे,’’ म्हणाला. मी म्हटलं, अर्ज देईन, पण बदली होईपर्यंत त्या गावांतल्या पोरांनी काय करायचं? फोन स्पीकरवर होता. मामाजी मध्येच बोलले, ‘‘गाडी काहून बंद करून राहिला गा? पँट बदलायची आहे, गाडी नाई.’’

मोटरसायकलवाल्यांसाठी वेगळ्या पँटी मिळतात, गुडघ्यावर आणि कुल्ल्यावर कठीण वाट्या बसवलेल्या, हे आम्हाला माझ्या नवऱ्यानंच सांगितलं. खाणीतले दोन-तीन जण लडाखला जाऊन आले होते, त्यांच्याकडे त्यानं पाहिल्या होत्या. पण त्या थंडीतल्या. नागपूरच्या मे महिन्यात तसलं काही घातलं तर मी पडून नाही, उकडून मरेन, असं मी म्हटलं.

जखम वाळायला दहा-बारा दिवस लागले. मग एका रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघं सदर भागातल्या एका दुकानात गेलो. गाडी मी चालवत होते, मामाजी मागं. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

दुकानदार तिशीतला, हसरा. आत एसी. काचेच्या कपाटात हेल्मेटं, भिंतीला जाकिटं टांगलेली. ‘‘भाऊंसाठी का?’’ त्यानं मला विचारलं.

‘‘माह्यासाठी,’’ मी म्हटलं.

‘‘लेडीजमध्ये तर नाही येत ताई आपल्याकडे. मागवावं लागेल. जेन्ट्स दाखवतो.’’

त्यानं तीन प्रकार काउंटरवर टाकले. पहिली जाड, आत पावसाचं अस्तर असलेली. दुसरी दिसायला साधी जीन्स, पण आतून गुडघ्यापाशी मजबूत धाग्याचा थर लावलेली. तिसरी जाळीची. दुकानदार म्हणाला, उन्हाळ्यात सगळे जाळीचीच नेतात, वारा आरपार जातो.

मामाजींनी तिन्ही उलट्या केल्या. दुकानदाराला वाटलं, म्हातारा खिसे पाहून राहिला. मामाजींनी पहिलीचं कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारली आणि पलीकडे हात धरला. ‘‘काहीच नाई येऊन राहिलं. ही बाजूले ठेव.’’ जीन्सला तेच केलं. थोडं आलं, पण गुडघ्यापाशी अडलं. जाळीतून फुंकर थेट हातावर आली. दुकानदार हसत म्हणाला, ‘‘बघा दादाजी, मी सांगत होतो.’’

‘‘वारा गेला, हे झालं,’’ मामाजी म्हणाले. ‘‘पण वारा जाते तिथून रस्ताबी जाईन ना?’’

मग त्यांनी पिशवीतून माझी फाटलेली सलवार काढली. मी ओशाळले. धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून आणली होती त्यांनी. ती त्यांनी काउंटरवरच्या जाळीच्या पँटीवर अंथरली, कमरेला कंबर, पायाला पाय जुळवून. फाटलेल्या भोकातून खालची पँट दिसत होती. गुडघा, त्याच्या बाहेरची बाजू, मांडीचा बाहेरचा भाग, कुल्ल्यापर्यंत. भोकाखाली बहुतेक जाळीच होती.

‘‘ही इथं पडली होती,’’ त्यांनी दुकानदाराला सांगितलं, जसं एखादं माप सांगावं. ‘‘इथं, इथं आणि इथं मले जाड कापड पायजे. बाकी कुठीबी जाळी चालते. हाये का अशी?’’

दुकानदार थोडा वेळ त्या सलवारीकडे पाहत राहिला. हसायचा थांबला होता. त्यानं मागच्या खोलीत जाऊन एक खोका आणला. त्यातली पँट राखाडी होती, थोडी महाग. मांडीच्या पुढं, आतल्या अंगाला आणि पोटरीच्या मागं जाळी. पण गुडघ्यावर, बाहेरच्या बाजूनं आणि बसायच्या जागी दाट विणीचं मजबूत कापड, तिथं तिहेरी शिवण. मामाजींनी सलवार तिच्यावर अंथरली. भोकाखाली जाळी दिसली नाही.

‘‘घालून पहाय,’’ ते मला म्हणाले.

कंबर मोठी, पाय लांब, कुल्ल्याला घट्ट. पुरुषाच्या मापाची, दुसरं काय होणार. पण उभी राहिले तर गुडघ्याच्या वाट्या बरोबर गुडघ्यावर होत्या. मी म्हटलं, चालून जाईल. मामाजी म्हणाले, ‘‘बस.’’ मी स्टुलावर बसले. ‘‘स्टुलावर नाई. गाडीवर बस.’’

दुकानात शोभेला एक मोटरसायकल ठेवली होती. दुकानदारानं तिच्यावरची पाटी काढली, मी तिच्यावर बसले आणि हँडल धरलं. गुडघे वाकले तशी पँट आखडली आणि दोन्ही वाट्या सरकून मांडीवर गेल्या. गुडघे उघडेच.

मामाजी माझ्यासमोर उकिडवे बसले. त्या वयात, दुकानाच्या मधोमध. खडूचा तुकडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. कारखाना सोडून इतकी वर्षं झाली तरी तो खिशात कसा, हे मी विचारलं नाही. त्यांनी गुडघ्यावर एक खूण केली, वाटीवर दुसरी, आणि दोन्हींमध्ये बोटं धरली. तीन बोटं.

‘‘मी जिंदगीभर उभ्या माणसाची पँट कापली,’’ ते उठत म्हणाले. ‘‘चौकीदार उभा, पोरगा प्रार्थनेले उभा. ही बसलेल्या माणसाची पँट आहे. हिचा कट वेगळा पायजे.’’

दुकानदारानं विचारलं, ‘‘दादाजी, काय काम करत होते तुम्ही?’’ आणि मग पुढचा अर्धा तास मी एसीत बसून होते. ते दोघं कापडावर बोलत होते. कुठला धागा घासला तर वितळतो, कुठला नुसता झिजतो, काळ्या रंगापेक्षा राखाडी का बरा. निघताना दुकानदारानं चहा पाजला आणि एक जादा वाट्यांची जोडी पिशवीत टाकली.

त्या दुपारी मामाजींनी मशीनवरची वर्तमानपत्रं उचलली आणि खाकी कव्हर काढलं. मशीनला तेल घालताना त्यांचा हात इतका हलत होता की थेंब तेलाच्या भोकात न पडता टेबलावर पडला. मी तेलाची कुपी घेतली. सुईत दोराही मीच ओवला. काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं नाही. मजेची गोष्ट म्हणजे मशीनचं पायडल सुरू झालं आणि कापड सुईखाली आलं की त्यांचा हात स्थिर व्हायचा. थांबले की परत थरथर. मी नर्स असून मला त्याचं नीट कारण सांगता येणार नाही.

चार दिवस लागले. कूलरसमोर मशीन, खिडकीला ओले पडदे, आणि त्यांच्या बाजूला मडक्यातलं पाणी. मी कामावरून आले की पन्हं करून द्यायची आणि त्यांच्याशेजारी बसायची. वाट्यांचे आतले खिसे उसवून त्यांनी तीन बोटं खाली नेले. कमरेला मागून दोन चुण्या घेतल्या. कुल्ल्याच्या बाजूला त्याच रंगाची जाड पट्टी जोडली, ती दोन दिवस गांधीबागेत शोधून त्यांच्या जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मिळवली होती. पायांची लांबी कमी केली, पण बुटावर येईल इतकी ठेवली. बसायच्या जागेच्या तिहेरी शिवणीला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, तिथंही थोडं घट्ट आहे. ते म्हणाले, ‘‘असू दे. हे मी उसवलं तर परत असं मले जमणार नाई.’’ आपल्याला काय जमणार नाही हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मी फार पाहिलेला नाही.

काम करता करता ते बोलायचे. गांधीबागेतल्या त्या लांब टेबलाबद्दल, एकावर एक वीस थर टाकून कापड कापायचे त्याबद्दल. एका वर्षी शाळेच्या हाफपँटींची ऑर्डर होती आणि त्यांच्या स्वतःच्या पोराकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, शाळेत घालायला धड पँट नव्हती. मालकाला विचारून त्यांनी उरलेल्या तुकड्यांची एक शिवली. दोन्ही पायांचा रंग किंचित वेगळा आला. ‘‘त्यानं कधी सांगितलं नाई तुले?’’ त्यांनी विचारलं. सांगितलं नव्हतं. पुढं मी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘वर्गात साऱ्यांत भारी पँट माही होती. दोन रंगांची कोणाकडेच नव्हती.’’

नवतपा लागला त्या दिवशी मी ती पँट घालून पहिल्यांदा निघाले. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस म्हणजे आमच्याकडे उन्हाचा कळस. लोक दारंखिडक्या लावून बसतात. आत पातळ सुती पायजमा, वर ती पँट. अंगणात उभी होते तोवर खरंच भट्टीत उभं राहिल्यासारखं झालं. पण कामठी रोडला लागून गाडीनं वेग घेतला आणि जाळीतून वारा आत शिरला तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ‘‘अरे बाप्पा!’’ म्हटलं. कापड पायांना चिकटत नव्हतं. उन्हाचा चटका थेट लागत नव्हता. इंजिनाची धगही अर्धी झाली.

परतीच्या वेळचा वारा मात्र गरमच होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला सुचलं ते असं, उपकेंद्राच्या नळाखाली आतला पायजमा भिजवून, पिळून घालायचा आणि वर पँट. कन्हान येईपर्यंत पाय गार राहायचे, नागपूर येईपर्यंत पायजमा कोरडा. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामाजी इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, ‘‘माह्या सुनेनं पायाले कूलर लावला!’’

गावांमध्ये त्या पँटीची चर्चा झाली. अंगणवाडीतल्या बायका गुडघ्याची वाटी दाबून पाहायच्या. एकीनं विचारलं, ‘‘मॅडम, पोलिसात लागल्या का?’’ ज्या म्हातारीनं माझा पाय धुतला होता तिला मी मुद्दाम थांबून तिचं लुगडं परत दिलं. तिनं पँट खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाली, ‘‘आता पडली तरी चालते.’’ मग स्वतःच जीभ चावली.

पुढच्या रविवारी नवरा घरी आला. त्यानं पँट हातात घेतली, उलटी केली, आणि वडिलांच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. संध्याकाळी जाताना म्हणाला, ‘‘बाबा, मलेबी एक करून द्या ना.’’ मामाजी म्हणाले, ‘‘तुही कंबर कमी कर आधी.’’ पण त्यालाही एक करून दिली. त्यानंतर माझ्या दोन सहकारी नर्स आल्या, एक ग्रामसेविका आली. प्रत्येकीला ते अंगणातल्या गाडीवर बसवायचे आणि खडूनं खूण करायचे. दोन उन्हाळे आमच्या ओसरीवर मशीन चालत होती. मला आजही ते दिवस आठवले की आधी तो आवाज येतो, आणि त्याच्यामागून कूलरचा.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मामाजी गेले. तीन दिवसांचा ताप, बस. त्यांच्या शेवटच्या पँटीचं काम पूर्ण झालं होतं, फक्त बटण राहिलं होतं, ते मी लावलं. विहारात त्यांच्यासाठी वंदना झाली तेव्हा सदरचा तो दुकानदारही आला होता. त्याला कुणी कळवलं हे मला माहीत नाही.

पँट मी वापरत राहिले. त्या काळात मी एकदाही पडले नाही, त्यामुळे ती रस्त्यावर कशी टिकली असती हे सांगता येत नाही. मागच्या वर्षी तिची चेन गेली. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेली. तो तरुण आहे, बायकांचे ब्लाउज शिवतो. त्यानं पँट उलटी केली आणि थांबला. गुडघ्याचे सरकवलेले खिसे पाहिले, कमरेच्या चुण्या पाहिल्या, कुल्ल्याची जोडपट्टी पाहिली.

‘‘हे कंपनीचं काम नाई,’’ तो म्हणाला. ‘‘कोणी केलं?’’

‘‘माह्या सासऱ्यांनी,’’ मी म्हटलं.

‘‘मले फक्त चेन बदलायची आहे ना?’’ त्यानं विचारलं. ‘‘बाकी कुठी हात नाई लावत मी.’’

आता बायकांच्या मापाच्या पँटी दुकानात सर्रास मिळतात. मीही या वर्षी एक घेतली. बसल्यावरही वाटी बरोबर गुडघ्यावर राहते, कंबर बरोबर, लांबी बरोबर. दुकानात ती घालून पाहिली तेव्हा मी गाडीवर बसून आरशात खूप वेळ पाहत होते. दुकानदारानं विचारलं, ‘‘काही बदलायचं आहे का ताई?’’ मी नाही म्हटलं, कारण खरंच काही बदलायचं नव्हतं.